गाणी लपवून म्युझिकल कसा विकणार?

प्रति,
संपादक

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत म्युझिकल सिनेमाचे, म्हणजे गाण्यांतूनच गोष्ट पुढे नेणाऱ्या सिनेमाचे, दिवस भरले अशा अर्थाचा लेख वाचला. लेख छान आहे, माहितीही भरपूर आहे, पण निष्कर्ष काही पटला नाही म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

मुळात म्युझिकल मेला ही बातमी अधूनमधून येतच असते. 1965 मध्ये साउंड ऑफ म्युझिक तुफान चालला, मग त्याच फॉक्स स्टुडिओला वाटलं आता हाच धंदा, आणि त्यांनी डॉक्टर डूलिटल, स्टार, हॅलो डॉली असे एकामागून एक अवाढव्य खर्चाचे सिनेमे काढले आणि तिन्हीत हात पोळून घेतले. खापर फुटलं गाण्यांवर. लोकांना आता गाणी नकोत म्हणे. अरे पण त्याच काळात, 1968 चा ऑलिव्हर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला की, आणि 1972 च्या कॅबरेला तर आठ ऑस्कर मिळाली, तीही समोर गॉडफादर असताना! दिग्दर्शनाचं ऑस्करसुद्धा गॉडफादरच्या कोपोलाला नाही, कॅबरेच्या बॉब फॉसीला मिळालं. म्हणजे लोक कंटाळले होते ते फुगवलेल्या सिनेमांना.

तुमच्या लेखकाने 2021 ची उदाहरणं दिलीत, इन द हाइट्स पडला, स्पीलबर्गचा वेस्ट साइड स्टोरी पण पडला. बरोबर आहे, पडले. पण इन द हाइट्स ज्या दिवशी थेटरात लागला त्याच दिवशी अमेरिकेत घरबसल्या स्ट्रीमिंगवर पण आला होता आणि तो काळ कोरोनाचा, हे पण सांगायला हवं होतं ना. आणि त्याच दिग्दर्शकाने, जॉन चूने, 2024 मध्ये विकेड केला, त्याने जगभरात 75 कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. माणूस तोच, प्रकार तोच. ग्रेटेस्ट शोमॅनचं पण तसंच, 2017 च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा ओपनिंग इतकं थंड होतं की सगळ्यांनी हात झटकले, मग लोकांनी गाणी ऐकली, मित्रांना ऐकवली, परत जाऊन सिनेमा बघितला आणि तो कित्येक आठवडे टिकून राहिला. आज असा थंड सुरू झालेला सिनेमा तेवढे दिवस थेटरात ठेवतात का, हा खरा प्रश्न, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही.

मला विचाराल तर म्युझिकलचा घात बनवणारेच करतायत, कारण त्यांना गाण्याची लाज वाटते. वोंका, मीन गर्ल्स आणि द कलर पर्पल, तिन्ही म्युझिकल, तिन्ही 2023 चा डिसेंबर ते 2024 चा जानेवारी एवढ्यात आले, आणि ट्रेलर बघितले तर कुणाला पत्ता लागू नये की यात माणसं गातात! मग थेटरात पहिलं गाणं सुरू झालं की काही लोक वैतागणारच, त्यांनी तिकीट दुसऱ्याच सिनेमाचं काढलं होतं. अशा वेळी गाणी लोकांना आवडत नाहीत असं म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. वोंका तरीही जोरात चालला हा भाग वेगळा.

ही लाज कॅमेऱ्यात पण दिसते. जुन्या हॉलिवूडमधला नाचणारा नट फ्रेड अ‍ॅस्टेअर, त्याचा हट्ट असायचा की नाचताना तो डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये दिसला पाहिजे आणि शॉट शक्यतो तोडायचा नाही. 1935 चा टॉप हॅट आज लावून बघा, कॅमेरा नुसता त्याच्या बरोबर सरकत असतो, चेहऱ्यावर जात नाही, बघणाऱ्यांच्या टाळ्या दाखवत नाही, आणि आपण आपोआप त्याचे पाय बघत बसतो. आता कुणी नाचायला लागलं की पाऊल पडायच्या आत कट, मग हात, मग केस, मग ड्रोन. नाचता येतं की नाही तेच कळत नाही. विकेडमध्येसुद्धा शेवटचं डिफाइंग ग्रॅव्हिटी इतक्या वेळा थांबवलंय, मध्ये पळापळ, मध्ये पडणं, की गाणं रंगात येतंय तोवर ब्रेक लागतो. ते गाणारी सिंथिया एरिवो काय गाते! गाऊ द्या की तिला.

याच्या उलट ले मिझराब्ल, 2012 चा. त्यात नटांनी सेटवर प्रत्यक्ष गायलं, कानात छोटा इअरपीस आणि त्यात पियानो, म्हणजे कुठे थांबायचं कुठे घाई करायची ते नटाच्या हातात. अ‍ॅन हॅथवेचं गाणं जवळपास सगळं एकाच शॉटमध्ये, क्लोजअपमध्ये, केस कापलेले, मध्येच आवाज फुटतो, मध्येच श्वास अडकतो, स्टुडिओत रेकॉर्ड करून नंतर ओठ हलवले असते तर हे जमलंच नसतं. तिला ऑस्कर मिळालं. त्यातल्याच रसेल क्रोच्या गाण्यावर मात्र लोक तुटून पडले, त्यात काही नवल नाही. पण दोघांनाही उघडं पडायची संधी दिली दिग्दर्शकाने, हे मला आवडलं.

आणि कृपा करून, आपल्या हिंदी मराठी सिनेमात गाणी असतातच, मग आपले सगळेच म्युझिकल, असं लेखात म्हटलंय ते काही खरं नाही. गाणं काढून टाकलं तरी गोष्ट पुढे जात असेल तर तो गाणी असलेला सिनेमा. म्युझिकलमध्ये पात्राचा निर्णय गाण्यातच होतो, गाणं कापलं की गोष्टीला भोक पडतं.

काळजी करायचीच असेल तर नव्या गाण्यांची करा. विकेड, मीन गर्ल्स, कलर पर्पल, सगळे रंगमंचावर आधीच चाललेले, गाणी तयार, प्रेक्षक तयार. पडद्यासाठी नवीन गोष्ट आणि नवीन गाणी लिहायला पैसे लावणारे फार थोडे. थेट पडद्यासाठीच लिहिलेल्या ला ला लँडला दशक होत आलं. सध्या ते काम अ‍ॅनिमेशनवालेच करतायत, 2025 मध्ये केपॉप डीमन हंटर्समधलं गोल्डन हे गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या नंबरवर गेलं, कोरं करकरीत गाणं, कुठल्या जुन्या नाटकातलं नाही. लहान मुलं ते पाठ करून बसलीत, आणि त्यातली काही मोठी झाल्यावर तिकीट काढणारच आहेत.

एक विनंती तुम्हाला पण. तुमच्या परीक्षणात म्युझिकल असला तरी संगीताबद्दल शेवटी एकच ओळ असते, 'गाणी श्रवणीय'. कोरिओग्राफरचं नाव तर कधीच नसतं. पुढच्या वेळी निदान एक गाणं घ्या आणि ते कसं चित्रित केलंय, कोण स्वतः गायलंय, कुठे कट मारलाय ते लिहा. लेखाचे शब्द कमी पडत असतील तर कथानक थोडं कमी सांगा, तसंही ते आम्हाला आधी कळायला नकोच असतं.

आपला,
एक नियमित वाचक