दीपगृहातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीरच लिहिते आहे. गेल्या महिन्यात तुम्ही माझ्या बाबांचा हात धरून त्यांना दीपगृहाच्या माथ्यावर नेलंत, ती मी त्यांची मुलगी.

काचबिंदूनं बाबांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली. दारातच एकानं मला सांगितलं होतं, "यांना वर नेऊन काय उपयोग? बाकावर बसवा, तुम्ही बघून या." बाबांनी ते ऐकलं आणि मुकाट्यानं काठीनं बाक शोधू लागले. तेवढ्यात तुम्ही किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकत पुढे आलात. "चला हो, जिना गोल आहे. भिंतीवरचा हात तेवढा सोडायचा नाही."

१३९ पायऱ्या, आणि तुम्हाला कसलीही घाई नव्हती. अर्ध्यावर थांबून तुम्ही बाबांना जिन्याच्या मधल्या पोकळीत हाक मारायला लावलीत. आवाज तळापर्यंत जाऊन घुमला. मग सांगितलंत, याच पोकळीतून पूर्वी वजन हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीनं वरचं भिंग फिरायचं, लंबकाच्या घड्याळासारखं. वजन तळाला टेकायच्या आत ते पुन्हा वर ओढून घ्यायचं, रात्रभर. बाबांनी सगळी नोकरी पाळ्यांमध्ये काढली आहे. त्यांनी लगेच विचारलं, "आणि डुलकी लागली तर?" तुम्ही म्हणालात, "मग जहाजाला हा दिवा ओळखूच येणार नाही." त्यापुढच्या पायऱ्या तुम्ही दोघं जुने सहकारी असल्यासारखे चढलात.

वर गेल्यावर मला भीती वाटत होती, की आता सगळे काचेकडे बघतील आणि बाबा कोपऱ्यात उभे राहतील. भिंगाला हात लावायचा नाही, ते बरोबरच आहे. बोटांचा तेलकटपणा काचेला लागतो. पूर्वी कर्मचारी लिननचा एप्रन घालूनच भिंग पुसायचे, शर्टाच्या बटणाचा ओरखडा उठू नये म्हणून. पण तुम्ही कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक सुटा लोलक काढलात आणि बाबांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलात. एक कोपरा टवका उडालेला, बाकी काच थंड आणि जड. बाबांनी तिन्ही कडांवरून अंगठा फिरवला. "बाकदार आहे," ते म्हणाले. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "गोलाचा तुकडा ना तो!"

मग फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलची गोष्ट. जाडजूड अखंड भिंगाऐवजी काचेच्या कड्या एकाबाहेर एक रचायच्या, म्हणजे वजन कमी आणि उजेड मात्र जास्तीत जास्त समुद्राकडे. १८२२ साली त्यानं मांडलेली ही कल्पना पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर प्रत्यक्षात आली. शाळेत मी भिंगं शिकले होते. पण उजेड 'वळवणं' म्हणजे काय, ते तुम्ही बाबांचं मनगट धरून वरून आडवं वळवलंत तेव्हा मला कळलं. दिवसा भिंगावर पडदे का ओढतात, तेही. सूर्य उलट दिशेनं आत शिरला, तर तेच भिंग आतल्या वस्तू जाळू शकतं.

निघताना बाबांनी विचारलं, "हा दिवा ओळखायचा कसा?" प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी, ती नकाशावर छापलेली असते, हे तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत. त्यांचा हात हातात घेऊन दोनदा दाबलात आणि थांबलात. पुन्हा दोनदा. "दर दहा सेकंदांनी दोन. हा आपला."

काका, सहा वर्षांत बाबांना लोकांनी खूप ठिकाणी सांभाळून बसवलं. दाखवलं कोणी नव्हतं. त्यासाठी मनापासून आभार.

परवा रात्री पाणी ठेवायला गेले, तर बाबा जागेच होते. पलंगाच्या कडेवर बोटानं टकटक चालली होती. दोन ठोके, मग शांतता. मी दारातच उभी राहून मोजलं. दहा सेकंद.

तुमची,
त्या बाबांची मुलगी