सिडनीचा फिरता पूल आणि आमच्या नाल्यावरचा बंधारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या नाल्यावरचा कोल्हापुरी बंधारा मोडीत काढायचं घाटतंय. पस्तीस वर्षांपासून मी कास्तकारांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. ‘जुनं झालं, आता नवंच पाहिजे’ हे ऐकलं की जीव तुटतो.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे सिडनीला गेलो होतो. तिथं पिरमॉन्ट पूल पाहिला. 28 जून 1902 रोजी सुरू झालेला, विजेवर फिरणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या पुलांपैकी हा एक. उंच डोलकाठीचं जहाज आलं की मधला सुमारे 800 टनांचा पोलादी भाग जात्यासारखा आडवा फिरतो. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या, त्यामुळं सगळा भार मधल्या खांबावर. मोटारीनं उचलायचं काही नाही, नुसतं फिरवायचं. वीज 600 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, ट्रामसाठी उभारलेल्या अल्टिमोच्या वीजघरातून यायची. मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलरही ट्रामसारखाच.

आणि मोटारी मूळच्याच! डीसी मोटारीत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजतात, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडतो. इतकी वर्षं कोणी ना कोणी वेळेवर कार्बन बदलले, कम्युटेटर घासून साफ केला, तेव्हाच त्या टिकल्या. मी कठड्याला धरून तो आवाज ऐकत उभा राहिलो. मुलगी चला म्हणत होती, पाय निघेना.

पुलाचे अभियंता पर्सी ॲलन. बाजूचे 12 गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, त्यांनी आयर्नबार्क या सागाहून कठीण लाकडाचे केले. त्यांच्या कैचीत, म्हणजे पूल तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यात, लाकडं जोडीनं बसवतात, म्हणजे एक कुजलं तर पूल न उतरवता तेवढंच बदलता येतं. 1981 मध्ये पूल वाहनांना बंद झाला, पाडायचंही ठरलं होतं. लोकांनी विरोध केला म्हणून तो वाचला आणि 1988 पासून पायी जाणाऱ्यांसाठी खुला झाला.

आमच्या बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या पाट्याही एकेक काढता-बसवता येतात. पावसाळ्याआधी काढायच्या, पाऊस ओसरला की बसवायच्या. भिंत शाबूत आहे. पाट्यांचे रबर तेवढे फाटलेत, म्हणून दिवाळीपर्यंत नाला कोरडा आणि हरभऱ्याला ओलित नाही. संबंधित कार्यालयाला तीनदा अर्ज दिला. उत्तर एकच, ‘नवीन प्रस्तावात घेऊ.’

ऑक्टोबरच्या आत रबर पट्ट्या तेवढ्या द्याव्यात. पाट्या घासून, रंगवून बसवायला मी आणि माझ्या दुकानातली दोन पोरं येतो, मजुरी नको.

– एक मोटार वाइंडिंग मिस्त्री,
ता. आर्वी, जि. वर्धा