रविवारच्या बैठकीआधी: ग्रेड लिहिताना

सर्व नाशिककर सभासदांना नमस्कार. रविवारी अदलाबदलीसाठी नाणी आणाल तेव्हा पाकिटावर नुसती ग्रेड (नाणं किती झिजलंय त्याचा दर्जा) नको, ती कोणत्या देशाच्या पद्धतीची तेही लिहा. गेल्या वेळी निम्मे वाद त्यावरूनच झाले.

अमेरिकेत शेल्डन या नाणेतज्ज्ञाची १ ते ७० ची मोजपट्टी चालते. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. ब्रिटिश पद्धतीत आकडे नाहीत, पण ती जास्त कडक. तिकडचं ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन, फार थोडं झिजलेलं) नाणं अमेरिकेत बहुधा एयूमध्ये (जवळजवळ न वापरलेलं), म्हणजे ५० ते ५८ मध्ये बसतं. जर्मन यादीतलं एसएस (जर्मनमध्ये ‘फार सुंदर’) साधारण व्हीएफ (व्हेरी फाइन, ईएफच्या खालची पायरी) धरा. आपल्याकडे काही विक्रेते झिजलेल्या नाण्यालाही बिनदिक्कत यूएनसी (न वापरलेलं) म्हणतात, तेव्हा चिठ्ठी राहू द्या, नाणं बघा. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावर गाल आणि मुकुटाचे उंचवटे आधी सपाट होतात. नाणं उजेडात तिरकं फिरवलं की लगेच कळतं.

आणि कृपा करून चिंच-लिंबू लावू नका! घासलेल्या नाण्याला अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या सहसा आकडाच देत नाहीत, नुसतं ‘डिटेल्स’ (अस्सल, पण खराब केलेलं) लिहून परत पाठवतात.

भिंग ज्याचं त्याने आणावं.