चौदा सेकंदांचे बाबा

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा आईने विचारलं, "चिखलात खेळायचं वय आहे का तुझं?" म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही दोघं एकदम बोलता, आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते.

तर, मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा करतेय. बाहुली उभी करायची, फोनने फोटो काढायचा, हात तांदळाच्या दाण्याएवढा हलवायचा, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. सिनेमाला चोवीस लागतात, पण प्रत्येक फोटो दोनदा दाखवला तरी डोळा फसतो. बाबा, तुम्ही फाळक्यांची गोष्ट सांगायचात ना, हरिश्चंद्राच्या आधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा लावून एकेक चौकट टिपत त्याचं रोप पडद्यावर वाढवलं ती? तेच हे. फक्त त्यांचा वाटाणा आपसूक वाढत होता, माझा माणूस मी हलवल्याशिवाय जागचा हलत नाही.

सुरुवात शाडूने केली, तुमच्याच गोणीतला उरलेला. दुपारपर्यंत माणूस वाळला, कोपर वाकवलं आणि खांद्यापासून हात हातात आला. गणपतीला वाकायचं नसतं, हे तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. इंग्लंडातल्या बाथ गावच्या हार्बट नावाच्या कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी १८९७ च्या सुमारास न वाळणारी माती तयार केली. आता तसली आणते. आत ॲल्युमिनियमची तार पिळून घालते आणि डोक्यात चुरगळलेली फॉइल, नाहीतर जड डोक्यापायी माणूस तोंडावर आपटतो. एकदा सत्त्याण्णवाव्या फोटोला आपटला. तेव्हापासून पाय टाचण्यांनी पुठ्ठ्याला टोचून ठेवते.

ही माती वाळत नाही, पण दिव्याच्या उष्णतेने ढेपाळते. मग फ्रिज. तुमचे जावई अळूवडी शोधायला गेले आणि डब्यात बिनडोळ्यांचं मुंडकं निघालं. दोन दिवस घरात त्यावरून बोलणी.

उजेडाने तर फार छळलं. खिडकीशी काढलेला पहिला व्हिडिओ आपल्या माजघरातल्या जुन्या ट्यूबसारखा लुकलुकत होता. ढग आला की काळोख, गेला की ऊन. आता पडदे बंद, दोन टेबललॅम्प, आणि फोनला उजेड आपणहून कमी-जास्त करू द्यायचा नाही. तरी लुकलुक राहिलीच. शेवटी कळलं, माझाच पांढरा कुर्ता उजेड परतवत होता. आई, संक्रांत नसली तरी दर रविवारी काळं घालते ते यासाठी.

चौदा सेकंदांना १६८ फोटो आणि तीन रविवार लागले. असेच मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे करणाऱ्या, इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतल्या मुरलेल्या लोकांचेसुद्धा दिवसाला काही सेकंदच होतात म्हणे, तेवढाच दिलासा.

आता खरं सांगायचं ते. तो माणूस बाबा आहेत. झोपाळ्यावरून उठायचं, पायरीवरचा पेपर उचलायचा, परत यायचं, एवढीच गोष्ट. चालीसाठी दिवाळीतला व्हिडिओ समोर ठेवला, आईने काढलेला, कोपऱ्यात तिच्या बोटासकट. आधी मी दोन्ही पावलं सारखी टाकवली, तर परेडचा शिपाई झाला. मग व्हिडिओ थांबवत थांबवत मोजलं. डावं पाऊल माझ्या हिशेबात सात फोटो जमिनीवर टेकतं, उजवं चारच. उठण्याआधी हात झोपाळ्याच्या कडीला जातो आणि क्षणभर तिथेच राहतो. तसं केलं, चालवून पाहिलं, आणि मागून तुमची नात ओरडली, "आजोबा!" तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. बाहुलीला तर अजून चष्माही नव्हता.

मग भाच्याच्या मुंजीतला, दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ काढला. त्यात दोन्ही पावलं सारखी आहेत. बाबा, दर रविवारी "पाय ठणठणीत" म्हणता ते कोणाचे?

आणि आई, तुला माहीत होतं. तुझं बोट बाजूला होतं तेव्हा पेपर उचलायला तुझाच हात आधी पुढे येतो, आणि बाबा डोळे वटारतात. मी ते तीसेक वेळा पाहिलंय.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. हाडांच्या डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली आहे, कटकट करू नका. यंदा गणपती टेबलावर करायचा, बाबांनी खुर्चीत बसून. शाडू मळायला मी आहे, चार तास मांडी घालून बसायचं नाही.

बाहुली डब्यात घालून आणतेय. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी जागा करून ठेव. आणि डबा उघडण्याआधी मला विचार.

तुमची,
धाकटी