काका, त्या दिवशी माझा अंगठा थांबवलात म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहाचा विषय काढता. म्हणून लिहायलाच बसले, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. इथे अमेरिकेतल्या शेतात ते जुनं चांदीचं नाणं मला सापडलं असं लोक म्हणतात, तेव्हा दर वेळी काहीतरी अर्धवट सांगितल्यासारखं वाटतं. उरलेलं अर्धं या पत्रात आहे.

नोव्हेंबरातला तो शनिवार. मक्याची कापणी होऊन गेलेली, शेतात नुसती धसकटं उभी. गुडघ्यामुळे तुम्ही बांधालगत घडीची खुर्ची टाकून बसला होतात आणि मी धातू शोधायचं तुमचंच जुनं मशीन, मेटल डिटेक्टर, घेऊन तासन्‌तास सऱ्या पालथ्या घालत होते. हाती काय लागलं होतं? चार-पाच घडीव खिळे, नालेचा एक तुकडा, दोन चपटी बटणं, शिशाची एक गोळी. परत फिरताना एक आवाज आला, पण धड नव्हता. मशीनची खालची तबकडी, म्हणजे कॉइल, डावीकडून नेली की बारीक, टणटणीत. उजवीकडून आणली की लोखंडाची घरघर. स्क्रीनवरचा आकडाही एका जागी ठरेना. एकटी असते तर आणखी एक खिळा समजून पुढे गेले असते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, "आवाज अडखळला तर तू फिर, जमीन फिरणार नाही." मी काटकोनात वळून कॉइल पुन्हा फिरवली आणि त्या बाजूने आवाज स्वच्छ आला. गंजका खिळा शेजारीच होता. त्याच्या घरघरीआड चांदी दडली होती.

साधारण 7 इंचांवर मातीच्या ढेकळातून राखाडी कडा दिसली. ढेकूळ फुटलं आणि ते हातावर आलं. एवढंसं, तरी तळहाताला वजन जाणवलं. मातीच्या थराखाली ठिपक्यांचं एक कडं आणि त्याच्या आत फांद्यांसारखं काहीतरी. माझा अंगठा आपोआप वर गेला.

आणि बांधावरून तुमची हाक आली, "अगं, पुसू नकोस!"

एवढ्या लांबून तुम्हाला कसं दिसलं, हे मला अजून कळलेलं नाही. काठी टेकत, धसकटं चुकवत तुम्ही आलात. डॉक्टरांनी खडबडीत जमिनीवर चालू नका म्हणून बजावलेलं असताना आलात. मी नाणं तसंच धरून उभी होते.

काका, तो अंगठा का उचलला गेला ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी देव्हाऱ्यातले चांदीचे रुपये काढून द्यायची आणि आम्ही नातवंडं ते राखेने घासून लख्ख करायचो. चांदी हातात आली की ती उजळायची, हेच अंगात भिनलेलं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "या मातीत वाळूचे कण आहेत आणि चांदी त्यांच्यापेक्षा मऊ. एकदा घासलंस की उठलेला ओरखडा कोणी भरून देत नाही." मग खिशातली प्लॅस्टिकची डबी काढून, आत ओलसर कापूस घालून माझ्यासमोर धरलीत. त्या डबीत नाणं ठेवताना माझे हात थरथरत होते.

घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटरच्या वाटीत ते बुडवून ठेवलं. पाणी बदलायचं, बोट लावायचं नाही, असा तुमचा हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी माती आपणहून सुटलेली होती. एका बाजूला पाइनचं झाड, अगदी मुळांसकट. दुसऱ्या बाजूला रोमन बारा, म्हणजे बारा पेन्स, एक शिलिंग. आणि त्याच्या वर 1652.

मी तुम्हाला फोन करून जवळजवळ ओरडलेच, "काका, 1652 चं आहे!" तुम्ही शांतपणे विचारलंत, "रुंदी किती भरते?" मोजली तर 24 मिलिमीटर. "मग ते 1675 नंतरचं असणार," तुम्ही म्हणालात, आणि पुढचा तासभर फोनवर जे सांगितलंत ते मी वहीत उतरवून ठेवलंय. मॅसॅच्युसेट्स बेच्या इंग्रज वसाहतीने 1652 मध्ये बोस्टनला स्वतःची टांकसाळ काढली आणि जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोन सोनारांच्या हाती दिली. तोवर इथे नाण्यांचा इतका दुष्काळ की शिंपल्यांचे मणी, मका, बीव्हरची कातडी यांवर व्यवहार चालायचे. नाण्यावर आधी नुसती अक्षरं छापली, मग झाडं आली: विलो, मग ओक, आणि 1667 पासून पाइन. ठोकणं तीस वर्षं चाललं, पण शिलिंगवरचं साल कधी बदललंच नाही. पाइनची आधीची शिलिंगं रुंद आणि पातळ, 1675 पासूनची लहान आणि जाड. माझं दुसऱ्या प्रकारचं.

साल न बदलण्याचं एक कारण असंही सांगतात, की 1652 मध्ये इंग्लंडात राजाच नव्हता. नाणी पाडणं हा राजाचा हक्क, तेव्हा जुनंच साल ठेवलेलं बरं. तुम्ही लगेच पुढे जोडलंत, "पण ते टांकसाळीच्या ठरावाचं सालही आहे. आवडलेली गोष्ट खरी धरायची घाई करू नकोस." हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलंय.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, होन आणि शिवराई पाडली गेली, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. आणि त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, माझ्या आताच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, कोणीतरी इंग्लंडच्या राजाला न विचारता चांदीवर एक झाड ठोकत होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही हे मला कळतं. पण आपलं नाणं म्हणजे आपलं म्हणणं, हे शिवराई पाहत वाढलेल्या माणसाला कोणी समजावून द्यावं लागत नाही. इंग्लंडच्या राजालाही ते कळलंच होतं. ही टांकसाळ 1682 मध्ये बंद पडली आणि 1684 मध्ये वसाहतीची सनदच रद्द झाली.

चांदीचं तुम्ही सांगितलेलं तर मला नाण्याइतकंच मोलाचं वाटतं. वेस्ट इंडीजच्या व्यापारातून स्पॅनिश रियाल, म्हणजे स्पेनची चांदीची नाणी, इथे यायचे, ते वितळवून ही शिलिंगं व्हायची. म्हणजे माझ्या तळहातावरचं ते झाड आधी बहुधा स्पेनच्या राजाच्या नाण्यात होतं. वजन मुद्दामच इंग्लिश शिलिंगपेक्षा हलकं ठेवलेलं, सुमारे 93 ग्रेनच्या जागी 72, नाणी वसाहतीबाहेर जाऊ नयेत म्हणून. 72 ग्रेन म्हणजे 4.67 ग्रॅम. माझं 4.4 भरलं. ती तूट साडेतीनशे वर्षांच्या बोटांची, खिशांची आणि मातीची.

पण आभार नुसते त्या शनिवारचे नाहीत. पहिल्यांदा मशीन हातात आलं तेव्हा मला काँकॉर्डच्या रणभूमीवर जायचं होतं, जिथे 19 एप्रिल 1775 ला, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू होताना, गोळ्या झाडल्या गेल्या. तुम्ही गाडी सुरूच करू दिली नाहीत. ती जागा राष्ट्रीय उद्यानात येते, आणि तिथे डिटेक्टर चालवणं सोडाच, जोडून तयार असलेला नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं. आणि शिक्षेची भीती घालून तुम्ही थांबला नाहीत. तिथली प्रत्येक गोळी नेमकी कुठे पडली यावरून अभ्यासक सैन्य कुठे उभं होतं ते काढतात, एक उचललीस तर वाक्यातला एक शब्द खोडलास, असं म्हणालात. मग माझ्याबरोबर शेतमालकीणबाईंच्या दारात उभे राहिलात. काय सापडलं तर कोणाचं, खड्डे कसे बुजवायचे, सगळं कागदावर लिहून दोघींच्या सह्या घेतल्यात. नाणं मिळाल्यावर मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, ती डबी टेबलावर ठेवली, आणि दोघींच्या मनात कुठे खडा पडला नाही, तो त्या कागदामुळे.

बाईंनी नाणं उजेडात धरलं तेव्हा त्याला किंचित लाट आहे हे पहिल्यांदा दिसलं, दोन जागी वाकल्यासारखी. तुम्ही म्हणालात, 1692 मध्ये सेलममध्ये चेटकिणींचे खटले चालले तेव्हा लोक अशी नाणी वाकवून जवळ बाळगत, असं सांगतात. सांगीव गोष्ट. नांगराच्या फाळानेही वाकलं असेल. "कसंही असो, सरळ करायचं नाही." बाईंनी मान डोलावली. नाणं आता त्यांच्याकडे आहे, त्याच डबीत, त्याच कापसावर. गावाच्या संग्रहालयाला द्यायचं दोघींनी ठरवलंय. पाटीवर शेताचं नाव असेल. तुमचं घालू का विचारलं तर नको म्हणालात, म्हणून इथेही घातलेलं नाही.

बर्फ वितळलं की नांगरणीच्या आधी दोन आठवडे मिळतील. ओढ्याकडचा तुकडा अजून बघायचा राहिलाय, बाईंचा होकार घेतलाय. मशीनला नवीन बॅटऱ्या घातल्यात. तुमची घडीची खुर्ची माझ्या गाडीतच आहे, ती काढलेली नाही.

तुमची,
पुतणीसारखी विद्यार्थिनी