प्राथमिक शाळेतला पुरुष फक्त दरडावण्यापुरताच का? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या मेळाव्यात आपण म्हणालात की प्राथमिक शाळांतून पुरुष शिक्षक कमी होत चाललेत, मुलग्यांपुढे आदर्श उरलेला नाही, आणि त्यासाठी आपण खास मोहीम राबवणार. तेव्हा मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. वर्ष सरलं. मोहीम सोडा, साधं परिपत्रक निघालं नाही. उलट यंदा शाळा सुरू होताच माझ्याकडचा पहिलीचा वर्ग काढून घेतला. लेखी कारण नाही. तोंडी सांगितलं, ‘लहान वर्गावर बाईच बऱ्या, पालकांना तसंच वाटतं.’ मला सातवीवर टाकलं आणि वर शिस्तीची जबाबदारी गळ्यात मारली.

माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. तरीही रडणाऱ्या पोराचं नाक पुसताना कोण बघतंय का, हे आधी बघायची सवय मला लागली आहे. मुलांच्या सुरक्षेचे नियम कडकच हवेत, पण ते सगळ्यांना सारखे हवेत. केवळ पुरुष म्हणून संशय घेतला की माणूस आतून तुटतो, साहेब. रात्र रात्र झोप लागत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचणं हे मुलींचं काम, असं ठामपणे सांगायचा. मी शेवटच्या तासाला खाली बसून, म्हातारीचा आणि कोल्ह्याचा आवाज काढून गोष्ट वाचायचो. हळूहळू तो जवळ सरकला, मग मांडीला टेकून माझ्याआधी पान उलटायला लागला. आता तोच मुलगा मला व्हरांड्यात बघितलं की हाताची घडी घालून ताठ उभा राहतो. शाळेतल्या पुरुषाला घाबरायचं असतं, हे त्याला आम्हीच शिकवलं.

आपल्या भाषणातही ‘वळण लावायला पुरुष हवेत’ असंच होतं. माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे. दरडावणारे पुरुष मुलांना हवे तेवढे भेटतात. शांतपणे समजावणारा, चुकलं तर मुलांसमोर कबूल करणारा, बाईंच्या हाताखाली आनंदाने काम करणारा पुरुष त्यांना दिसत नाही. तो मुलींनाही दिसायला हवा.

जगभरात प्राथमिक शिक्षकांत साधारण दोन तृतीयांश स्त्रिया आहेत आणि श्रीमंत देशांत तर ८० टक्क्यांहून जास्त. २०२२ च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, वाचनात मुलगे मुलींपेक्षा सरासरी २४ गुणांनी मागे होते. पुरुष शिक्षक आला की हे गुण वाढतात, असं मी म्हणणार नाही. तसा पक्का पुरावा नाही. पण गुणांपलीकडे शाळेत काही घडतच नाही का? नॉर्वेने बालवाड्यांत २० टक्के पुरुषांचं उद्दिष्ट ठेवलं. ते गाठणं त्यांनाही जड गेलं, पण निदान आकडा जाहीर करायची हिंमत दाखवली. आपल्या मोहिमेचा आकडा कुठे आहे?

आणि पुरुष आले तरी टिकतात कुठे? क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्येच दाखवून दिलं होतं की जिथे बायकाच जास्त असतात अशा पेशांत पुरुषांना वरच्या खुर्चीकडे ढकललं जातं. म्हणजे मुलांपासून दूर. वर्षानुवर्षं पहिली सांभाळणाऱ्या बाई मात्र तिथेच राहतात, त्यांच्यावरही हा अन्यायच. मूल जितकं लहान, तितका त्याला शिकवणाऱ्याचा पगार कमी आणि मानही कमी, अशी ही सगळी व्यवस्था आहे. मंत्री बदलतात, हे बदलत नाही. मग तरुण मुलगे या पेशात येतील कशाला?

वर्गवाटपात स्त्री-पुरुष भेद करू नये, असं परिपत्रक काढा. लहान वर्गांच्या शिक्षकांचा पगार वाढवा. आणि मला पहिलीवरून का काढलं, याचं उत्तर लेखी द्यायला सांगा. तोंडी उत्तर मी आता ऐकून घेणार नाही.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक