चि. बाळूस, वास्तुशांतीच्या यादीबद्दल

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

वास्तुशांतीची पत्रिका पोचली. पुण्यात स्वतःच्या कमाईवर घर! शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवली. बाबा असते तर पत्रिका खिशात घालून गावभर हिंडले असते.

सूनबाईने पाठवलेली आमंत्रणांची यादीही पाहिली. तुझं ऑफिस, सोसायटी, तिचं माहेर, अगदी बाबांच्या मामेभावापर्यंत सगळे आहेत. ताई नाही. राहून गेलं असेल म्हणून विचारलं, तर तू म्हणालास, "हक्कसोडपत्रावर सही करेपर्यंत नको." मी फोन ठेवला.

आज शुक्रवार. जिवतीची पूजा झाली आणि लिहायला बसले. जमिनीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे.

तुला शुक्रवारची कहाणी आठवते का रे? आजी वाचायच्या तेव्हा तुझं लक्ष वाटीतल्या फुटाण्यांवर. भावाने सहस्रभोजन घातलं, सारा गाव बोलावला, सख्खी बहीण तेवढी वगळली. ती गरीब, चारचौघांत शोभायची नाही. ती म्हणाली, घाईत विसरला असेल, भावाच्या घरी आमंत्रण कशाला हवं? मुलांना घेऊन पंगतीला बसली. तो तूप वाढत तिच्यापाशी आला आणि उद्या येऊ नकोस म्हणाला. पोरांच्या पोटासाठी ती पुन्हा गेली, तर शेवटी हात धरून बाहेर काढलं. पुढे देवी प्रसन्न झाली, बहिणीचे दिवस पालटले, तेव्हा त्याच भावाचं बोलावणं आलं. ती दागिने घालून गेली आणि एकेक उतरवून पाटावर ठेवला. भाताचा घास सरीवर, भाजी ठुशीवर, लाडू चिंचपेटीवर. इथे तू खदखदून हसायचास. ताई हसायची नाही. जिला जेवायला बोलावलंस तिलाच भरवते आहे, माझं जेवण सहस्रभोजनाच्या दिवशीच झालं, हे ती आजींच्या आधी म्हणून टाकायची.

देवीने त्या भावाचं घर जाळलं नाही की त्याची गुरंढोरं मारली नाहीत. सख्ख्या बहिणीने त्याच्या घरचा घास तोंडात घातला नाही, एवढीच शिक्षा. मला ती फार मोठी वाटते. त्याने पाय धरले आणि तिने क्षमा केली, पण सगळ्याच बहिणींनी करावी असं कुठे आहे?

आपल्या ताईच्या हातात आज पाटल्या नाहीत. तुझी दुसऱ्या वर्षाची फी अडली तेव्हा तिने मोडल्या, बाबांना नंतर कळलं. तू इंजिनिअर झालास तेव्हा पेढे तिनेच वाटले. पुन्हा पाटल्या करणं तिला जमलं नाही, आणि तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. कायद्याने १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा वाटा आहे. सही द्यायची की नाही, तिचं ती ठरवेल. सातबाऱ्यावर तुझ्या नावाखाली तिचं नाव लागलं तर तुझं काय कमी होतं? जी जमीन तू कसणार नाहीस, तिच्यासाठी बहीण तोडायची?

बघ, आलेच जमिनीवर. रागावू नकोस. दिवसभर राबतोस, हप्ते फेडतोस, आणि वर आईचं व्याख्यान. तुझ्या घराचा मला खरंच अभिमान आहे. पण मी आहे तोवर ताई या घरी येईल. माझ्यामागे तिने माहेरपणाला कुठे जायचं, ह्या विचाराने रात्री डोळा लागत नाही. तिला फोन कर. सहीचं बोलू नकोस, नुसतं ये म्हण.

मी आदल्या दिवशीच्या एसटीने येते. पूजेसाठी बाबांचा पाट आणि तांब्याचा कलश आणते, विकत घेऊ नका. पूजेला बसेन, दोघांना ओवाळेन. पण ताई नसेल तर मला पंगतीत बसायचा आग्रह करू नकोस.

सूनबाईला आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आई

ता. क. ताई दुपारी दोनपर्यंत शाळेत असते, तेव्हा फोन उचलत नाही. तीननंतर कर.